शेऱ्याचा रकाना रिकामा राहिल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
कोहोळी लघु पाटबंधारे विभाग,
कोहोळी कॅम्प, जि. पालघर.

अर्जदार : निर्मला शुक्रा करबट, मु. बोरीपाडा, उधव्याजवळ, ता. तलासरी, जि. पालघर. (नोकरीनिमित्त सध्या राहणार डहाणू.)

विषय : कोहोळी धरणातून आसोली नदीत कोरड्या महिन्यांत सोडावयाचे पाणी कायमचे बंद करण्याच्या प्रारूप आदेशास हरकत, व त्या आदेशाचा आधार म्हणून वापरलेल्या माझ्या वडिलांच्या नोंदी मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा आदेश, दि. २७ नोव्हेंबर २०१४.
२) आपल्या कार्यालयाचा प्रारूप आदेश, दि. २८ मे २०१९ (हरकतीची मुदत १२ जून).
३) माहितीच्या अधिकारात मिळालेले उत्तर, दि. ३ मे २०१९.

महोदय,

अर्जदाराने आधी आपली ओळख द्यावी अशी रीत आहे. आपण मला ओळखता. तरीही हा कागद उद्या आपल्या जागी येणारे अधिकारी वाचतील, म्हणून देते. मी डहाणूतील एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. आसोली नदीवरील राखणीच्या डोहात पाण्याची उंची मोजण्यासाठी रंगवलेली पट्टी ज्यांनी सव्वाचार वर्षे रोज सकाळी सात वाजता वाचली, त्या कै. शुक्रा लडक्या करबट यांची मी मुलगी. वडील दि. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे पाच वाजता राहत्या घरी वारले. दाखला सोबत जोडला आहे.

१. राखणीचा डोह म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. आदेशात त्याचा उल्लेख ‘नैसर्गिक जलसाठा क्र. ३’ असा आहे, म्हणून लिहिते. बोरीपाड्याच्या खालच्या अंगाला नदी खडकात वळते, तिथे हा डोह आहे. तो गावदेवाच्या नावाने राखलेला आहे. होळीपासून नदीला पहिला लोंढा येईपर्यंत त्यात कोणी जाळे टाकत नाही, गळ टाकत नाही. उन्हाळ्यात नदीतले मासे तिथे जमतात आणि पावसाळ्यात तिथून वर-खाली सगळीकडे पसरतात. बाकीच्या नदीला मासे मिळतात ते या डोहामुळे, असे आमची माणसे मानतात. मी वाचलेली पुस्तकेही वेगळ्या शब्दांत तेच सांगतात.

२. धरण पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, म्हणजे २०१४ साली, डोह प्रथमच आटला. पाड्यावरची माणसे कॅम्पवर आली. आपण तेव्हा उपविभागीय अभियंता होता. आपण आम्हाला बाहेर उभे ठेवले नाही, खुर्च्या मागवल्या. खुर्च्या पाच आणि माणसे चोवीस होती, तेव्हा आपणही खाली बसलात. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढील सर्व गोष्टी त्या दिवसावरच्या विश्वासाने घडल्या. त्याच वर्षी पालघर जिल्हा नवा झाला होता आणि नोव्हेंबरात आपण आदेश काढून आणलात : दि. १ डिसेंबर ते १० जून या काळात डोहातील पट्टी बाराच्या खाली गेली, की धरणाच्या झडपेचे चाक दोन फेरे उघडून नदीत पाणी सोडावे. ‘नदीच्या जीवसृष्टीसाठी किमान प्रवाह’ हे शब्द आपले आहेत. मला ते आवडले होते. मी ते वडिलांना वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे नदीचा वाटा. हां, वाटा तर असतोच.”

३. पट्टी रोज कोण वाचणार, हा प्रश्न आला, तेव्हा आपण वडिलांकडे बोट केलेत. ते म्हणाले, “साहेब, माना अक्षर येत नाय.” आपण म्हणालात, “बाबा, अक्षर कोण मागतंय? आकडा पाहिजे.” आकडे वडिलांना येत होते. ते मी त्यांना शिकवले होते, मी स्वतः दुसरीत असताना, अंगणातल्या राखेवर. आपल्या कार्यालयाने वही दिली. वहीत चार रकाने होते : दिनांक, वेळ, पट्टीचा आकडा आणि शेरा. पहिले तीन ते स्वतः भरत. सातला डोहावर, सव्वासातला कॅम्पच्या चौकीदाराला फोन. तापात असतानाही एक दिवस चुकला नाही. त्याबद्दल त्यांना काही मिळत नव्हते आणि त्यांनी काही मागितले नाही.

४. आता झालेली चूक सांगते. ती आधी आमच्याकडून झाली, हे मी लपवत नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली, की डोहाच्या तोंडावर दगड, माती आणि पाला घालून कच्चा बांध घालतात. प्रत्येक घरातून एक माणूस एक दिवस देतो. डोहातले मासे वाचावेत एवढाच हेतू. हे आजोबांच्या आधीपासून चालत आले आहे. पूर्वी बांध होळीनंतर घालत आणि तो गुडघाभर असे, कारण वरून थोडे का होईना पाणी येत असे. धरण झाल्यावर तो जानेवारीत घालावा लागला आणि कमरेएवढा करावा लागला. कार्यालयाने पट्टी रंगवली होती ती डोहातल्या खडकावर, म्हणजे बांधाच्या वरच्या बाजूला. पट्टी पाण्याची उंची सांगते. ते पाणी वरून येते आहे की नुसते अडलेले आहे, हे ती सांगत नाही. बांध घातल्यावर आकडा चौदा आला. वडिलांनी चौदा लिहिले. चौदा म्हणजे बाराच्या वर, म्हणून कॅम्पवर झडप उघडली गेली नाही. झडप उघडली नाही म्हणून पुढच्या वर्षी बांध आणखी उंच करावा लागला. आकडा पुन्हा चौदा आला.

आदेश झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात झडप एकसष्ट दिवस उघडली. दुसऱ्यात एकोणीस दिवस, तिसऱ्यात चार. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. हे आकडे आपल्याच उत्तरातले आहेत.

५. बांधाची गोष्ट शेऱ्याच्या रकान्यात यायला हवी होती. वडिलांनी ती लिहायला मला सांगितले होते. फेब्रुवारी २०१५ मधला रविवार होता. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवून म्हटले, “या शेवटच्या घरात लिही, का बांध घातलाय.” मी रकान्याचे नाव वाचले आणि त्यांना म्हणाले, “बाबा, शेरा साहेब लोक लिहितात. तुम्ही आकडा द्या, पुरे.” मी शिकलेली होते, म्हणून त्यांनी माझे ऐकले. त्यानंतर चार वर्षे तो रकाना रिकामा आहे. सात वह्या आहेत. मी त्या सगळ्या चाळल्या. प्रत्येक पानावर चौथा रकाना कोरा आहे.

ही चूक माझी आहे आणि ती मी या अर्जात लेखी कबूल करते.

६. परंतु बांध आहे हे आपल्याला माहीत नव्हते, असे आपण म्हणू शकत नाही.

दि. २२ एप्रिल २०१६ रोजी आपण स्वतः डोहावर आला होतात. जीप वर रस्त्याला ठेवून आपण बांधावरून चालत पलीकडे गेलात आणि परत आलात. वडिलांनी आपल्याला सांगितले, “पानी हाय साहेब, पन वाहात नाय. खाली बघा.” बांधाच्या खाली नदीचे पात्र होते आणि त्यात वाळलेले शेवाळ होते. आपण हसून म्हणालात, “बाबा, तुम्ही तर आमचं काम हलकं केलंत.” ते वडिलांना कौतुक वाटले. संध्याकाळी त्यांनी मला फोनवर तेच वाक्य तीन वेळा सांगितले. आपण आमच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. आईला म्हणालात, “काकू, अशी भाकरी बंगल्यावर नाही मिळत.” निघताना आपण वडिलांना बांधावर उभे करून त्यांचा फोटो काढलात.

तो फोटो प्रारूप आदेशाच्या अहवालात पान ३१ वर आहे. त्याखाली लिहिले आहे : ‘जलसाठा क्र. ३ मधील मुबलक पाणी व समाधानी स्थानिक निरीक्षक’. फोटोत बांध दिसत नाही, कारण तो खालच्या बाजूने कापला आहे. वडिलांचे पाय घोट्यापासून खाली नाहीत. त्यांच्याजवळ त्यांचा दुसरा कोणताही फोटो नव्हता. बाराव्याला हार घालण्यासाठी आम्ही आधारकार्डावरचा मोठा करून घेतला होता. आता अहवालामुळे आम्हाला त्यांचा उभा फोटो मिळाला, त्याबद्दल आभार मानावेत की कसे, हे मला ठरवता आलेले नाही.

७. वडिलांना चूक कळली ती जानेवारी २०१८ मध्ये. ते उधव्यापर्यंत चालत गेले आणि तिथून टमटमने कॅम्पवर आले. तोपर्यंत आपण कार्यकारी अभियंता झाला होतात. त्यांनी आपल्याला सांगितले, की पट्टी खोटे बोलते आहे, बांधाच्या खाली नवी पट्टी लावा. आपण उत्तर दिलेत, “बाबा, आकडे तुमचेच आहेत. तुमच्या हाताने लिहिलेत. आता मी काय करू?”

हे वाक्य त्यांनी मला फोनवर सांगितले नाही. ते आईने मला वडील गेल्यानंतर सांगितले. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. धोंडीकाका शेजारी राहतात, ते म्हणाले, “शुक्रा, बांध घालूच नको यंदा. पट्टी रिकामी दिसेल, साहेब पानी सोडेल.” वडील म्हणाले, “नि तवर मासं काय खातील, तुझा टोपी-गमचा?” त्यांनी बांध घातला. दुसऱ्या दिवशी सात वाजता पट्टीही वाचली, कारण वाचीन असे त्यांनी आपल्याला सांगितले होते.

८. त्यांच्या मृत्यूची खबर देणे व वह्या परत करण्याविषयी विचारणे, यासाठी मी दि. २५ मार्च रोजी आपल्या कार्यालयात आले. लिपिकाने आवक रजिस्टर पाहिले आणि मला म्हणाले, “पण मॅडम, बाबांचा आजचा पण आकडा आलाय ना. चौदा.” मी मृत्यूचा दाखला दाखवला. त्यांनी दाखला पाहिला, पुन्हा रजिस्टर पाहिले आणि मला बसायला सांगून बाहेर गेले. मी दीड तास बसले. ते आले नाहीत. दि. ८ एप्रिल रोजी लेखी अर्ज घेऊन आले, तेव्हा आचारसंहिता सुरू असल्याने नंतर यावे, असे सांगण्यात आले. मृत व्यक्तीने पट्टी वाचणे आचारसंहितेत बसते किंवा कसे, हे मी विचारले नाही.

माहितीच्या अधिकारात मिळालेल्या रजिस्टरच्या प्रतीनुसार, वडिलांनी मृत्यूनंतर दि. १९ फेब्रुवारी ते ३० एप्रिल असे एकाहत्तर दिवस पट्टी वाचली आहे. एकही खाडा नाही. धुळवडीच्या दिवशी वाचली आहे. मतदानाच्या दिवशीही वाचली आहे. ते वारले त्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांना घरात न्हाऊ घालत होते, त्याही दिवशी सातलाच वाचली आहे. प्रत्येक दिवशी आकडा चौदा.

प्रत्यक्षात यंदा बांध नीट घातला गेला नाही. तो कसा घालायचा, कुठला दगड आधी ठेवायचा, हे वडिलांना माहीत होते. आमच्या बांधातून पाणी झिरपते. मी दर रविवारी डोहावर जाते. मार्चमध्ये पट्टी अकरावर होती, एप्रिलमध्ये नऊवर. काल, दि. २ जून रोजी, सातवर होती. म्हणजे आपल्याच २०१४ च्या आदेशाप्रमाणे झडप मार्चपासून उघडी असायला हवी होती. हे आकडे कोणी लिहिले, ते मी विचारत नाही. ज्याने लिहिले त्याने डोहापर्यंत जाण्याचे कष्ट घेतले नाहीत, एवढेच नोंदवते.

९. प्रारूप आदेशात म्हटले आहे : ‘हवामान बदलामुळे धरणातील आवक अनिश्चित झाली असून, जलसाठा क्र. ३ स्थानिक निरीक्षकाच्या सलग नोंदींनुसार स्वयंपूर्ण आढळल्याने नदीत पाणी सोडण्याची अट कायमस्वरूपी रद्द करण्यात येत आहे.’

आवक अनिश्चित झाली, हे मला मान्य आहे. पाऊस उशिरा येतो, चार दिवसांत महिन्याचा पडतो आणि सप्टेंबरात पाठ फिरवतो. गेल्या वर्षी तलासरी तालुका दुष्काळी जाहीर झाला. परंतु घरात धान्य किती येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा बियाणे आधी बाजूला काढून ठेवतात. नदीचा वाटा तसा आहे. आपण तो सर्वांना वाटून उरेल त्यातून द्यायचे ठरवलेत आणि उरले नाही म्हणून रद्द केलात. मी डहाणूत राहते त्या खोलीच्या नळाला याच धरणाचे पाणी येते. हा अर्ज लिहिताना मी ते प्यायले आहे. त्यामुळे शहराचे पाणी तोडा, असे मी म्हणणार नाही. दोन फेऱ्यांनी कोणाचा नळ बंद पडत नाही, हे २०१४ साली आपणच आम्हाला कागदावर आकडेमोड करून दाखवले होते.

डोहाखाली नदी खाडीला मिळते, तिथपर्यंतचे पात्र आता सहा महिने कोरडे असते. खाडीचे खारे पाणी पूर्वी येत नव्हते तिथवर चढते. खालच्या पाड्याच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले आहे. पावसाच्या सुरुवातीला खालून मासे चढत, त्याला आम्ही वळगण म्हणतो. मागच्या वर्षी वळगणीला माणसे पाग, म्हणजे फेकायची जाळी, घेऊन उभी राहिली आणि तशीच परत आली. अहवालात या कशाचीही नोंद नाही, कारण या जागी पट्टी नाही.

१०. दि. १० जून रोजी सकाळी आपली समिती डोहाची पाहणी करणार असल्याचे पत्र ग्रामपंचायतीला आले आहे. समिती येईल, तिला डोहात पाणी दिसेल, आणि ती ‘पाणी आहे’ असे लिहील. ते खरेच असेल.

म्हणून शनिवारी पाड्यावर बैठक झाली. समिती येण्याच्या आधी बांध काढून टाकावा, असे मी सुचवले. बांध काढला तर डोह दोन तासांत रिकामा होतो. धोंडीकाका म्हणाले, “पोरी, देवाचं मासं मारून कागद जिकायचा का?” मासे उचलून दुसरीकडे न्यावेत तर खाली दुसरा डोह उरलेला नाही. शेवटी माझी आई, लाडकी शुक्रा करबट, उठली. ती बैठकीत कधी बोलत नाही. ती म्हणाली, “मासं तर तसं पन चाललंय. यंदा नाय तर पुढल्या सालाला. निदान साहेब बघत असताना जाऊ द्या.” त्यावर ठराव झाला. त्याची प्रत जोडली आहे.

११. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) दि. ८ जूनच्या सकाळपर्यंत झडप दोन फेरे उघडावी. धरणापासून डोहापर्यंत पाणी पोहोचायला दीड दिवस लागतो. हे वडिलांनी २०१५ मध्ये कोरड्या पात्रातून पाण्याच्या पुढे-पुढे चालत मोजले होते. तसे झाल्यास १० तारखेला पाणी डोहापर्यंत वाहत आलेले समितीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि बांध काढण्याची गरज राहणार नाही.

(आ) प्रारूप आदेशातून ‘स्थानिक निरीक्षकाच्या सलग नोंदी’ हा आधार काढावा. वडिलांच्या हयातीतील नोंदी बांधामागच्या पाण्याच्या आहेत, हे माझ्या या कबुलीजबाबासह नोंदवावे. मृत्यूनंतरच्या एकाहत्तर नोंदींवरून त्यांचे नाव खोडावे.

(इ) पान ३१ वरील फोटो काढून टाकावा, किंवा पूर्ण छापावा.

(ई) वरील (अ) प्रमाणे पाणी न आल्यास दि. १० जून रोजी सकाळी सात वाजता आम्ही बांध काढू. पहिला दगड मी काढणार आहे. आपण समितीसोबत स्वतः यावे. प्रतिनिधी पाठवू नये. डोह रिकामा होईपर्यंत आपण काठावर थांबावे, आणि त्या दिवसाचा पट्टीचा आकडा आपण वाचावा : मोठ्याने, काठावर बसलेल्या माझ्या आईला ऐकू जाईल असा.

पाण्याची किंवा आपली वाट पाहणारी,

(सही)
निर्मला शुक्रा करबट
डहाणू, दि. ३ जून २०१९

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) मृत्यूचा दाखला.
२) आवक रजिस्टरची प्रत, दि. १९ फेब्रुवारी ते ३० एप्रिल २०१९.
३) बोरीपाडा येथील बैठकीचा ठराव, सह्या व अंगठे एकेचाळीस.
४) वह्या क्र. १ ते ६ च्या झेरॉक्स प्रती. वही क्र. ७ जोडलेली नाही. ती आईने उशाशी ठेवली आहे. पाहावयाची असल्यास घरी यावे लागेल.